सनीव्हेलची धाड

सनीव्हेल, मार्च १९८६

प्रिय लतिका,

आधी दोन घास खाऊन घे आणि मगच हे पत्र वाच. तुझा लेक बेवडा झालेला नाही. हे सुरुवातीलाच लिहून टाकतोय, कारण तू पत्र उभ्या उभ्या फोडणार आणि अर्ध्यावर चष्मा पुसत बसणार हे मला ठाऊक आहे. आता स्वस्थ बस, सगळं सविस्तर सांगतो. जन्मभर पंचनामे लिहिलेत, त्यामुळे लांबलं तर रागावू नकोस.

तुझी ती मावसबहीण सुलभा दिवाळीत क्युपर्टिनोहून आली आणि चहा पिता पिता सहज बोलून गेली, की श्रीरंग घरी दारू करतो, इकडच्या सगळ्या मराठी मंडळींना माहीत आहे. त्या दिवसापासून तुझी झोप उडाली. तू मोहनचं नाव घेतलं नाहीस, आपल्या घरात ते कुणी घेतच नाही, पण माझ्याही डोळ्यांसमोर तोच आला. तुझा धाकटा भाऊ हातभट्टीची पिऊन पिऊन गेला, आणि त्याच वर्षांत मी दारूबंदी खात्याचा साहेब म्हणून सांगली जिल्ह्यातल्या भट्ट्या फोडत हिंडत होतो. आता मुलगाही त्याच वाटेने निघाला की काय, या धास्तीने तू मला विमानात बसवलंस. लोकांना सांगितलं मुलाला भेटायला चाललोय. खरं म्हणजे मी धाड घालायला निघालो होतो.

विमानतळावर त्याने वाकून नमस्कार केला, तेव्हा आशीर्वाद देता देता मी त्याचं तोंड हुंगलं. पेपरमिंटचा वास आला. पेपरमिंट म्हटल्यावर माझा संशय दुप्पट झाला. पण घरी पोचलो, तर चिरंजीव माझ्या बॅगा ठेवायच्या आधीच मला गॅरेजमध्ये घेऊन गेले. त्याच्याबरोबर राहणारा अतुल म्हणून नागपूरचा मुलगा आहे, तोही मागे मागे. गॅरेजमध्ये पाहतो तर हंडा, शेगडी, नळ्या, झाकणबंद बादली. आपल्या खात्यात एवढ्यावर माणूस आत जायचा. आणि हा मला कौतुकाने दाखवतोय, बाबा हे बघा, बाबा ते बघा.

त्याची कृती तुला सांगतो म्हणजे सुलभा कशाला दारू म्हणाली ते कळेल. बार्लीचा काकवीसारखा दाट पाक डब्यातून मिळतो. तो पाण्यात घालून तासभर उकळायचा आणि त्यात हॉप्स नावाची वाळलेली हिरवी फुलं टाकायची. गार झालं की यीस्ट घालून बादली बंद. आंबणं संपत आलं की पुन्हा मूठभर फुलं नुसतीच आत सोडायची, वासासाठी. ही फुलं हातावर चोळली तर थेट पपनसाच्या सालीचा वास येतो, आणि जिभेला लागली तर काडेकिराईत बरा. जितकी फुलं जास्त तितका हा खूश. या बियरला म्हणे इंडिया पेल एल म्हणतात. इंग्रजांच्या काळात बोटीतून हिंदुस्थानापर्यंत टिकावी म्हणून तिच्यात फुलं जास्त घालत, असं तो सांगतो. मी म्हटलं, बाबा रे, त्या हिंदुस्थानात मी अख्खी नोकरी काढली, मला नाही कधी सापडली. लायसन कुठाय विचारलं तर म्हणतो, घरच्यापुरती करायला इथे लायसन लागत नाही. माझा विश्वास बसेना. शेवटी तो मला लायब्ररीत घेऊन गेला आणि तिथल्या बाईने कायद्याचं पुस्तकच पुढ्यात ठेवलं. खरंच मुभा आहे. मी दोनदा वाचून पाहिलं.

कायदा काही म्हणो, माणूस पितो किती हे कायद्यात लिहिलेलं नसतं. माझा अनुभव असा की पिणारा लपवतो. मोहनच्या बाटल्या आठव, बंबाच्या मागे, तांदळाच्या डब्यात, एकदा तर देवघरातल्या फडताळात. याच्या बाटल्या उघड्या फळीवर, वर तारखेच्या चिठ्ठ्या. तरी तो ऑफिसला गेला की मी रोज त्या मोजायचो. शनिवारी चार मित्र आले की कमी व्हायच्या, एरवी नाही. हे बरं वाटलं, पण मन शंकेखोर. बाटल्यांना हात न लावता हा बादलीतूनच पीत असेल तर? म्हणून मी रोज बादलीचं झाकण उघडून आत लाकडी पट्टी बुडवायचो आणि पातळी बघायचो. पट्टी तिथेच कोपऱ्यात पडलेली होती, तिने आधी कोणी माती उकरली होती की काय देव जाणे. आपल्या जुन्या शिस्तीप्रमाणे पेल्याने थोडा नमुनाही काढून बघायचो.

मग गेल्या शनिवारी दुपारी श्रीरंगने बादली उघडली. मित्र यायचे होते, अतुलने चिवडा काढून ठेवला होता. श्रीरंगने पेल्यात थोडी घेतली, नाकाजवळ नेली, एक घोट घेऊन थुंकली. नासली, म्हणाला, व्हिनेगर झालंय, फुलांचा वासही गेला. अतुल म्हणत होता, जाऊ दे ना यार, थंड करून चालेल, आठवडे घालवलेस तू हिच्यावर. याने ऐकलं नाही. बादली उचलली आणि गॅरेजमधल्या सिंकमध्ये अख्खी रिकामी केली. मग नळ सोडून बादली घासायला लागला.

लतिका, मी नोकरीत भट्ट्यांवरचं किती रसायन गटारात ओतलं असेल त्याला गणती नाही. ओतताना भट्टीवाले पाय धरायचे, शिव्या घालायचे, पिणारे तर ओल्या मातीकडे बघत उभे राहायचे. मोहनकडून एकदा बाटली फुटली, तर त्याने फरशी फडक्याने टिपून ते फडकं तोंडात पिळलं होतं, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. स्वतःची स्वतःच्या हाताने ओतून देऊन शांतपणे भांडं घासणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, आणि तो माझा मुलगा होता.  पायरीवर बसलो आणि चक्क रडलो. दिवाळीपासून छातीवर धोंडा घेऊन फिरत होतो तो तिथे उतरला.

त्याला वाटलं बियर बिघडली म्हणून म्हातारा रडतोय. माझी समजूत घालायला लागला. मग सांगावंच लागलं की झाकण रोज मी उघडत होतो, पट्टी मीच घालत होतो, बियर नासली ती माझ्यामुळे. तो इतका हसला की अतुल धावत आला. हसणं थांबल्यावर श्रीरंगने विचारलं, पण का बाबा? अतुल शहाणा, चिवडा घेऊन आत गेला. मी तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच पोरासमोर मोहनचं नाव घेतलं. म्हटलं, तुला आम्ही काविळीने गेला असं सांगितलं होतं, ते खरं नव्हतं.

त्यावर तो जे बोलला, त्यासाठीच हे पत्र लिहितोय. तो म्हणाला, मला माहीत आहे. दुसरीत असल्यापासून माहीत आहे. मामा त्याला सायकलवर फिरायला न्यायचा ना, तेव्हा भडंगाची पुडी हातात देऊन ओढ्याकाठी बसवायचा आणि स्वतः भट्टीवाल्याच्या झोपडीत जाऊन यायचा. मामा गेला तेव्हा तू कावीळ म्हणालीस, आणि तुझा चेहरा बघून त्याने ठरवलं की आईला कावीळ हवी आहे तर कावीळच. इतकी वर्षं आपण त्याच्यापासून लपवत होतो आणि तो आपल्याला सांभाळत होता. आजही अर्धा ग्लास झाला की मामा आठवतो आणि ग्लास खाली ठेवतो, म्हणाला. त्याला मामाबद्दल खूप विचारायचंय. लगेच फोन लावत होता, मी म्हटलं, पत्र तिच्या हातात पडू दे. पाडव्याच्या दिवशी तो शेजारच्या शरयूवहिनींकडच्या फोनवर करेल. सकाळीच जाऊन बस. रडू आलं तर रड, बिल तो भरतोय. पण काविळीचं नाव काढू नकोस. मोहन लहानपणी कसा होता, एवढंच सांग त्याला, तुझ्याशिवाय ते कुणालाच माहीत नाही.

तुझाच,
त्र्यंबक