पैकीच्या पैकी

आई, तुझ्या डोक्याचा फोटो मी कधी काढलाच नाही. सीताबर्डीच्या सेंटरमध्ये मी तेव्हाही एमआरआयवरच होते. दिवसाला दहा-बारा अनोळखी डोकी त्या मशीनच्या बोगद्यात सरकवायची आणि घरी येऊन तुझ्यावर खेकसायचं, असं चाललं होतं. भाजीत दोनदा मीठ पडलं की मी म्हणायचे, "लक्ष कुठं राहते वं तुझं?" तू ओशाळून हसायचीस. अल्झायमर हा शब्द रोज माझ्या हाताखालून जायचा, पण तुझ्या चेहऱ्यावर तो मला वाचता आला नाही. की वाचायचाच नव्हता, देव जाणे.

तू एकदा एकटीच उमरेडच्या एसटीत जाऊन बसलीस, माहेरी जायला, जिथं तुझं कुणीच उरलं नव्हतं. कंडक्टर भला म्हणून परत मिळालीस. दुसऱ्या दिवसापासून मी ड्युटीला निघताना बाहेरून कुलूप लावू लागले. पाणी भरून, सिलिंडर बंद करून, सगळं अगदी नीट. तू खिडकीचे गज धरून विचारलंस, "काहून वं, मले काहून कोंडून राहिली? मी काय केलं?" मी म्हणाले, "तुह्यासाठीच करून राहिली ना वं आई," आणि बस सुटेल म्हणून पळाले. तीन वर्षं, तू जाईपर्यंत, हेच. शेजारीण सांगायची, "तुमची आई दुपारभर येणाऱ्या-जाणाऱ्याले दार उघडायले सांगत राहते." तिला टाळायला मी मागच्या गल्लीनं घरी येऊ लागले.

आता मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. वयाबरोबर येणारं साधं विसरणं आणि अल्झायमरची सुरुवात, यांतला फरक फोटोत कसा दिसतो, ते आमचे डॉक्टर सध्या पाहताहेत. तुलनेसाठी धडधाकट माणसं लागतात. मी मोठ्या फुशारकीनं म्हटलं, माझा काढा. जन्मभर लोकांना "हलू नका, काही होत नाही" सांगणारी मी, तोंडावर मशीनचा तो पिंजरा बसला आणि दोन मिनिटांत घामानं भिजले. धाड धाड आवाजात मला तुझंच ऐकू येत होतं, दार उघड, दार उघड. हातात मदत मागायचा रबरी फुगा होता, पण दाबायची लाज वाटली. पाऊण तास तशीच पडून राहिले.

मग सेंटरमध्ये नव्यानं लागलेल्या मुलीनं माझी स्मरणशक्तीची परीक्षा घेतली. पाच शब्द वाचायचे, मध्ये दुसरं काही बोलायचं आणि पाच मिनिटांनी ते परत विचारायचे. कढई, पोपट, छत्री, देऊळ, निळा. मी घडाघडा म्हणून दाखवले. अगं, गेली नऊ वर्षं हेच शब्द मी पेशंटांना वाचून दाखवतेय. पाढ्यासारखे पाठ आहेत मला! डॉक्टर माझा फोटो बघत होते तेव्हा मी त्यांच्या मागेच उभी होते. नवी आठवण धरून ठेवणारा करंगळीएवढा भाग असतो, कानाच्या आतल्या अंगाला. तो दोन्हीकडून आकसलेला होता. असे मी इतके पाहिलेत की मला त्यांच्या आधी दिसला. ते म्हणाले, "वयानं थोडं होतंच मॅडम. टेस्टमध्ये तर पैकीच्या पैकी! वर्षभरानं पुन्हा काढू." तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं की सर, ती परीक्षा खोटी आहे. मी "थँक्यू सर" म्हणाले. घरी लेकीला सांगितलं, रिपोर्ट नॉर्मल आहे.

गप्प बसूनही निभलं असतं. पण छातीत पेसमेकर आहे का, हे विचारल्याशिवाय आम्ही कुणाला आत घेत नाही. मशीनच्या चुंबकानं तो बिघडून जीव जाऊ शकतो. गेल्या शनिवारी एका आजोबांना मी विचारलंच नाही. मशीनच्या खोलीच्या दारापर्यंत पोचले होते ते. त्या मुलीनंच अडवलं, "मॅडम, यांचा फॉर्म कोरा आहे!" त्यांच्या सदऱ्याखाली पेसमेकर होता.

सोमवारी मी तिला म्हटलं, "पाच शब्द बदल आणि मले विचार." ती हसली, मजा वाटली तिला. तिनं आपल्या मनानं शब्द वाचले, मग स्वतःच्या आईच्या गुडघेदुखीचं सांगत बसली, आणि पाच मिनिटांनी विचारलं. वाचताना तिनं मान तिरकी केली होती, तेवढं मला आठवलं. ती म्हणाली, "मॅडम, एकबी नाही?" मी म्हटलं, "डॉक्टरले मीच सांगते. तू नको बोलू."

आज गुरुवार. सांगितलेलं नाही. रजा टाकून घरी बसलेय, तेवढी लाज शिल्लक आहे. तुला सांगतेय, कारण तू कुणाला सांगणार नाहीस. हा कागद साड्यांखाली ठेवीन, आणि कुठं ठेवला ते विसरले तर बरंच. डॉक्टरांना सांगितलं की नोकरी जाईल, ते सोसेन. पण मग ते लेकीला बोलावून घेतील. मला तिची भीती वाटते, आई. तिनं आजवर कधी मला उलट उत्तर दिलेलं नाही. माझी लेक चांगली आहे. मीही चांगलीच होते.