पोचलं म्हणणारा मध्यस्थ

तीर्थरूप मामांच्या सेवेशी,

घाबरट भाच्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे अगदी खराखुरा. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या टेबलाखाली पालथा पडून हे लिहितोय. वर बसलं की आमच्या मोठ्या बाई दिसतात.) तुमच्या गुडघ्याचं काय म्हणणं आहे? जिना चढताना अजून कटकट करतो का? मामी बऱ्या आहेत ना? त्यांची मुद्दाम चौकशी करतोय, कारण आलेलं पत्र आधी त्या वाचतात आणि तुम्हाला सोसवेल तेवढंच वाचून दाखवतात, हे सगळ्या घराला माहीत आहे. मामी, या खेपेला कृपा करून काही गाळू नका. फोन करून बघितला. दर वेळी तुम्हीच उचललात आणि झोपलेत म्हणून ठेवून दिलात. इतकी झोप लागते म्हणजे मामांचं मन किती स्वच्छ असेल, असं मला कालपर्यंत वाटत होतं.

तुमच्या शब्दावर मला इथे चिकटवून घेतलं ते बरंच झालं, असं मी म्हणतो (म्हणावंच लागतं, समोर आई असते). ऑफिस तुम्ही सोडलंत तसंच आहे. खिडक्या उघडत नाहीत. पाण्याच्या यंत्रावर तुमच्या निरोपाचा फोटो टांगलाय, आणि येणाराजाणारा पेला भरता भरता वर बघून म्हणतो, काय माणूस होता! त्या माणसाचा मी सख्खा भाचा, म्हणून मला कोणी काही शिकवतच नाही. रक्तात असणारच, असं धरून चालतात. रक्तात काय आहे ते माझं मला ठाऊक. लिफ्टच्या कंपनीत नोकरीला असून मी रोज जिन्याने वर येतो, यावरून काय ते ओळखा.

तर आल्या आल्या या मोठ्या बाईंनी (पाठीमागे सगळे त्यांना करवत म्हणतात, आवाज कधी चढत नाही, नुसता पुढे-मागे होत राहतो आणि समोरचा मधोमध कापला जातो) तुमचा तो मध्यस्थ माझ्या गळ्यात बांधला. मामींना कळावं म्हणून सांगतो. इथे सगळे मिळून लिफ्टचे प्रोग्राम लिहितात, आणि कोणी केव्हा काय बदललं याची नोंद गिट नावाचा प्रोग्राम ठेवतो, अगदी खडूस हेडक्लार्कसारखी. काम झालं की ते मुख्य कचेरीतल्या सर्व्हरवर पाठवायचं. पण तो सर्व्हर जुनाट, त्याची भाषा गिटला कळत नाही. म्हणून दोघांच्या मध्ये मामांनी हा छोटा प्रोग्राम लिहून बसवला. गिट त्याला आधी विचारतो, बाबा रे, तुला काय काय येतं? तो म्हणतो, आणता येतं, पोचवता येतं. मग गिट म्हणतो, हे एवढं पोचव. आणि तो पोचवून येऊन सांगतो, पोचलं. लग्न जुळवणाऱ्या माणसाचंच काम, फक्त हा जेवायला थांबत नाही.

पण मामा, किती गप्प असतो हो तो! मोठं काम पाठवायला घेतलं की पडद्यावर चकार शब्द नाही. माणूस बसलाय बोटं मोडत. जातंय की अडकलंय, की सगळं बुडालंय, काही पत्ता नाही. मला तर घरात कोणी दोन मिनिटं बोललं नाही तरी घाम फुटतो. म्हणून लोकांच्या जिवाला तेवढाच आधार, अशा सद्भावनेने मी त्याच्या तोंडी एक वाक्य घातलं: ‘घाबरू नका, काम चालू आहे.’ मला काय ठाऊक, की त्याच्या तोंडून निघालेलं प्रत्येक अक्षर गिटला आपल्या प्रश्नाचं उत्तर वाटतं! दुसऱ्या दिवशी सकाळी गिटने विचारलं, तुला काय काय येतं? हा म्हणाला, घाबरू नका. गिट घाबरला आणि त्याने दारच लावून घेतलं. सबंध मजल्याचं काम ठप्प. बाई येऊन माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. माझी बोबडी वळली आणि मी त्यांनाही म्हणालो, घाबरू नका, काम चालू आहे.

ते वाक्य काढलं, गाडी रुळावर आली. इथवर झालं ते नुसतं हसं, आणि हसं व्हायची मला सवय आहे. खरा घात पुढे झाला. मुख्य कचेरीने सगळ्यांना नवे कॉम्प्युटर द्यायचं ठरवलं. परवा जुने न्यायला माणसं आली तेव्हा बाई प्रत्येक टेबलाशी थांबून विचारत होत्या, सगळं पाठवलंत ना? मध्यस्थ पोचलं म्हणाला ना? मग द्या. आणि सगळ्यांनी दिले. ती माणसं तिथल्या तिथे ते पुसून कोरे करत होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आमच्यात एक दारवाले काका आहेत, लिफ्टच्या दाराचं सगळं तेच बघतात. त्यांची म्हातारी आई काठी टेकत चालते, आणि एकदा दार तिच्या हातावर मिटलं होतं. तेव्हापासून ते एकाच गोष्टीच्या मागे आहेत, की माणूस हळू चालणारा असेल तर दाराने ते ओळखावं आणि थांबावं. आता कुठे जमलं होतं. काकांनी कॉम्प्युटर देताना त्याच्या पाठीवर थाप मारली.

काल नवा कॉम्प्युटर आधी मला मिळाला, चालतो का बघायला. मी मध्यस्थाला म्हटलं, आण सगळं. तो गेला, आला, आणि म्हणाला, तिथे कोणीच बोलत नाही. मुख्य कचेरीत फोन लावला. ते म्हणाले, आमचा सर्व्हर ठणठणीत आहे, पण तुमच्याकडून शेवटचं काम आलं ते तुमचे ते फोटोतले साहेब निवृत्त व्हायच्या आधी. मग मामा, जे कधी केलं नव्हतं ते केलं. तुमचा प्रोग्राम उघडून पहिल्या ओळीपासून वाचला. तो आधी पोचलं म्हणतो आणि मग निघतो! आणि निघतो तोही मुख्य कचेरीकडे नाहीच. शेजारी तुमच्या हातची टीप आहे: ‘तिकडची लाइन सारखी पडते, लोक डोकं खातात. तात्पुरतं माझ्या कॉम्प्युटरवर. सोमवारी नीट करायचं.’ कुठल्या सोमवारी, ते लिहिलेलं नाही. माझं खरं वाक्य एक सकाळ टिकलं नाही, आणि तुमच्या थापेवर अख्खं ऑफिस इतकी वर्षं सुखाने जगलं. याला म्हणतात अनुभव.

आणि तुमचा कॉम्प्युटर कुठे आहे? तुमच्या घरी! निरोपाच्या दिवशी ऑफिसनेच तो तुम्हाला भेट म्हणून दिला, टाळ्या वाजवून. घरून काम करता यावं म्हणून त्याला जी लाइन जोडून दिली होती, ती तोडायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. म्हणजे इतके दिवस सगळ्या मजल्याचं काम तुमच्या बैठकीच्या खोलीत येऊन पडत होतं, लागेल ते तिथूनच परत येत होतं, आणि तुम्ही शेजारी बसून शब्दकोडी सोडवत होतात. आता दुसरीकडे कुठेही त्याची प्रत नाही. काकांचं दारही नाही. मी हे कोणाला बोललेलो नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सांगितलं तर पाण्याच्या यंत्रावरचा तुमचा फोटो उतरतो, नाही सांगितलं तर सोमवारी सगळे नवे कॉम्प्युटर उघडून बसतील आणि माझ्याकडे बघतील. मला फार भीती वाटते हो मामा. मघाशी काकांनी विचारलं, माझं दार आलं का रे? मी म्हटलं, येतंय.

असो. मोठ्यांना आणखी काय लिहायचं! तब्येतीला जपा, मामींना नमस्कार, लेकरावर लोभ असू द्या.

तुमचा,
भाचा

ता. क. खरं म्हणजे एवढ्याचसाठी पत्र लिहायला घेतलं होतं. आत्ता आईचा फोन येऊन गेला. मामींनी काल सकाळी बैठकीची खोली आवरली म्हणे, आणि तो ‘घरघर करणारा डबा’ बंद करून दाराशी काढून ठेवलाय, रविवारी भंगारवाल्याला द्यायला. मामी, तुमच्या पाया पडतो! देऊ नका! उघडू नका, पुसू नका, ओल्या फडक्याने तर मुळीच नाही. त्याच्यावर कुंडी ठेवली असेल तर आधी ती उचला.

पुन्हा ता. क. टेबलाखालून बाहेर आलो तर बाई समोर. त्यांनी इतकंच विचारलं, काय झालं? मी सगळं सांगितलं. पहिल्या ओळीपासून. मग पत्रही दिलं. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाल्या, पोस्टाने वेळेत जायचं नाही, आपण गाडीने जाऊ. तेव्हा हे पत्र घेऊन दारात ज्या उभ्या आहेत त्या कुरिअरवाल्या नाहीत, त्यांना सही करून परत पाठवू नका. पत्र त्या तुमच्याच हातात देणार आहेत, मामींच्या नाही. वाचताना तुमचा चेहरा त्यांना बघायचाय. आत्ता बघतच असतील. त्यांना बसायला सांगा. काका पण आलेत, त्यांना आधी बसवा.

अगदी शेवटचं. मागच्या दाराने निसटायचा विचार असेल तर तिथे मला उभं केलंय. मी आधीच फार घाबरलेलो आहे, तेव्हा दार एकदम उघडू नका.