मुद्दाम घेतलेले कमी मार्क

बाबा, आज डोक्याच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. घरी जायची हिंमत होत नाही, म्हणून गाडीतच बसून लिहितोय.

युरो नुकते हातात आले होते, तेव्हाचा जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या आपल्या घरातल्या स्वयंपाकघरातला एक रविवार. तुम्ही पोहे परतताय आणि मी पहिल्या व्यावसायिक कराराच्या तोऱ्यात बडबडतोय. अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून केलेली मारामारी, असं तुमचं ठाम मत. तरी एकही घरची मॅच चुकवली नाहीत. मी फुशारकीने सांगितलं, सीझनआधी आमच्या डोक्याची परीक्षा घेतात. शब्द लक्षात ठेवायचे, आकडे उलटे म्हणायचे. पुढे डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा, आणि मार्क घसरले की खेळ बंद. म्हणून आम्ही पहिल्याच वेळी मुद्दाम चुकतो.

तुमचा हात थांबला. कारखान्यात दिवसभर मोटारींच्या दारांच्या फटी मोजणारा माणूस तुम्ही. "अरे, जन्मभर मार्कांसाठी तुझ्या मागे लागलो, आणि तू मुद्दाम ढ झालास? म्हणजे पहिलं मापच खोटं, तर बिघाड कळणार कशाने?" मी नेहमीसारखं जर्मनमध्येच उत्तर दिलं, सगळेच करतात.

समोरून धावत येणाऱ्याला अंगावर घेऊन पाडायचं, हे माझं काम. पाच सीझन केलं. तीनदा डोळ्यांपुढे अंधार आला, तीनदा परीक्षा पास झालो आणि पुढच्याच आठवड्यात मैदानात उतरलो. किती हुशार वाटायचं स्वतःला, काय सांगू. तुम्ही गेलात त्या वर्षी तर मी एकही मॅच सोडली नव्हती.

आता मुलीच्या शाळेचा रस्ता चुकतो. आज डॉक्टरीणबाईंनी तो जुना निकाल आजच्या निकालाशेजारी ठेवला आणि समाधानाने म्हणाल्या, काहीच घसरण नाही. मी सांगितलं, जुना खोटा आहे. त्यांनी चष्मा काढला. "मग खरा कुठे आहे?"

कुठेच नाही, बाबा. किती गेलंय आणि किती उरलंय, ते आता कोणीच सांगू शकत नाही. मला फार भीती वाटते.

काल आईने फोनवर विचारलं, त्यांच्या शेवटच्या दिवाळीला तुम्ही बापलेक दार लावून तासभर बोलत होतात, काय म्हणाले होते रे ते? मी म्हटलं, ते आमचं गुपित आहे. ती खूश झाली. बाबा, मला ती दिवाळीच आठवत नाही.