तीन वेळा नाही

१४ मार्च, रविवार दुपार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, तूही असशील. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढू देतो. फोनवर माझा आवाज ऐकलास की तू ठेवून देतेस, म्हणून हा कागद. कागद निदान बाजूला ठेवून पुन्हा उचलता येतो.

ताई सहा महिने परदेशातल्या वृद्धाश्रमात स्वयंसेवक म्हणून निघाली, हे कळल्यावर तू काय म्हणाली असशील ते मला इथे बसून ऐकू येतं. "आईच्या वेळी कुठे होती ही?" असू दे. त्या विषयाकडे येतेच आहे.

सकाळी सातला चादरी बदलायच्या, आठला न्याहारी, मग चाकाच्या खुर्च्या ढकलत सगळ्यांना अंगणात न्यायचं. निरोपसमारंभात मी गर्जना केली होती, चार महिन्यांत तिथल्या भाषेत भाषण ठोकून दाखवीन! पाच झाले. अजून "चमचा खाली पडला" म्हणताना घाम फुटतो. पुस्तकातली वाक्यं तेवढी घोकून आले होते. "आपल्या संस्कृतीविषयी मला नितांत आदर आहे," असं पहिल्याच दिवशी एका आजींना ऐकवलं. त्यांना संडासला जायचं होतं.

इथे मला सगळे 'रेडिओ' म्हणतात. हस नाहीतर काय! भाषा न कळताही त्यांनी तुझ्या ताईला बरोबर ओळखलं. नाव ठेवलं ते सुतारआजोबांनी. वय चौर्‍याऐंशी, डावा हात अर्धांगाने गेलेला, आणि उजव्या हाताची बोटं अजून टेबलाची कड चाचपून लाकूड कुठलं ते सांगतात.

दुसर्‍या महिन्यातली गोष्ट. दुपारी त्यांनी सूपचा वाडगा सरकवला आणि म्हणाले, "नको." मी आपल्या घरची. आपल्याकडे पहिल्या नकोला कोण विचारतं? पानावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून वाढणारी माणसं आपण! मी हसून म्हणाले, "थोडंसं." ते म्हणाले, "नको." मी चमचा ओठांशी नेला. तिसर्‍यांदा म्हणाले, पण अगदी हळू. मग त्यांनी तोंड उघडलं आणि सगळं सूप संपवलं. माझ्याकडे न बघता.

मी विजयी मुद्रेने मेट्रनबाईंना सांगायला गेले, "संपवलं!" बाई चिडल्या नाहीत. खुर्चीवर बसवून मला कळतील अशा लहान लहान शब्दांत म्हणाल्या, "त्यांचं घर गेलं. बायको गेली. हत्यारं गेली. नको म्हणणं उरलं होतं. ते आज तू घेतलंस."

ठमे, ज्याच्या तोंडचा शब्द हिरावला त्याचं सगळंच हिरावलं, हे मी आयुष्यभर माइक हलेपर्यंत ओरडून सांगत आले. टाळ्या घेतल्या. आणि एका वाडग्यापाशी उताणी पडले.

दुसर्‍या दिवशी वहीत वाक्य जुळवून त्यांची माफी मागितली. चार दिवस ते बोलले नाहीत. पाचव्या दिवशी माझी वही ओढून त्यांनी तीत रंध्याचं चित्र काढलं आणि त्याचा शब्द उच्चारला. मग करवत, मग पटाशी. अशी मी ही भाषा शिकतेय, एका सुताराच्या हत्यारपेटीतून. चुकले की म्हणतात, "रेडिओ, खरखर!" इथला नियम असा, की विचारायचं आणि मनात दहापर्यंत मोजत उत्तराची वाट बघायची. तासाच्या भाषणापेक्षा ते दहा आकडे मला जड गेले. आता मोजता येतात. त्यांचं "नको" कधी नुसतं "नंतर" असतं तेही कळतं, पण ते त्यांना विचारून. मी ठरवून नाही.

परवा अंगणात त्यांनी विचारलं, "घरी कोण?"

"बहीण."

"बोलते?"

"नाही."

ते थांबले. दहाच्याही पुढे गेले असतील. माझ्याकडे जेमतेम तीनशे शब्द. दाखला नाही, अलंकार नाही, टाळीचं वाक्य नाही. जे होतं त्यात सांगितलं, "आई आजारी. बहिणीला दुसर्‍या गावी चांगलं काम मिळालं. मी म्हटलं, तू आईजवळ राहा. बहीण नाही म्हणाली. मी खूप बोलले. बहीण राहिली. अकरा वर्षं."

आपल्या भाषेत हे मला कधी इतकं सरळ सांगता आलं नव्हतं. आपल्या भाषेत माझ्याकडे सबबी फार आहेत.

त्या दिवशी पुढच्या खोलीत, सगळ्या नातेवाइकांदेखत, तू म्हणालीस, "ताई, मला नाही जमणार." मी आईच्या उपकारांवर वीस मिनिटं बोलले. मामांनी डोळे पुसले. नकाशे काढायच्या त्या नोकरीचं पत्र तुझ्या हातात होतं. तू एकूण तीनदा नाही म्हणालीस. मी ते इथे येऊन मोजलं. तिसर्‍यांदा तूही अगदी हळू म्हणालीस, आणि मग उठून आईची औषधं काढायला गेलीस. मी दुसर्‍या दिवशी पुढच्या सभेला गेले.

सुतारआजोबांनी एवढंच विचारलं, "तिला सांगितलंस?"

म्हणून हे पत्र. क्षमा कर असं लिहिणार होते, पण तोही आग्रहच झाला असता. चूक माझी होती, एवढं लिहिते.

एप्रिलच्या वीस तारखेला परत येतेय. तुझ्याकडे येऊ का? भाषण आणणार नाही. तू स्वयंपाक करशील, मी भाजी निवडीन, आणि आईबद्दल बोलायचं की नाही ते तू ठरव. नाही म्हणालीस तर ते नाहीच समजेन. एकदाच लिही, पुरे. तुला तीनदा म्हणायला लावणार नाही.

विचारून झालं. आता मोजत बसलेली,

तुझी ताई