सगळं ठीक

मंगळवार, ६ ऑगस्ट

म्हणे रोज लिहा! समुपदेशक बाई तिशीच्या आतली, नखं निळी रंगवलेली. "ग्लेनिस, तुम्ही असं का वागता त्याचं मूळ शोधा." मूळ शोधायला मी काय गाजर आहे? तासभर नुसतं "हं... हं..." करत बसली. लाँगरीचसारख्या आडगावात दुसरी मिळत नाही, म्हणून हिच्याकडे जाते.

लिहिते. मर्व घर सोडून गेला. एकतीस वर्षांचा संसार, आणि दोन बॅगांत मावला.

बुधवार, ७ ऑगस्ट

कारण लिहायचं राहिलं. मार्चमध्ये छातीत गाठ लागली. मामेबहिणीकडे जाते सांगून रॉकहॅम्प्टनला गेले, तपासून घेतली. तीन आठवड्यांनी कळलं, साधी निघाली. मग सांगायचं काय त्यात?

गाडीचे कागद शोधताना मर्वला हॉस्पिटलचं पत्र सापडलं. केवढा भडकला! "साधी होती, ठीक! पण ते तीन आठवडे मी कुठे होतो? शेजारच्याच उशीवर ना? रोज विचारत होतो ना, काय झालं म्हणून?"

विचारत होता. मी रोज म्हणत होते — सगळं ठीक.

"तुझ्याबरोबर राहणं म्हणजे बंद दुकानासमोर रांगेत उभं राहणं आहे," म्हणाला. असं बोलतात का बायकोला?

रविवार, ११ ऑगस्ट

सकाळी सातला टीगनचा फोन, नेहमीसारखा. माउंट आयझाला तिचं सगळं ठीक. बाळ ठीक, जावई खाणीत कामावर. दोन मिनिटांत उरकलं. निदान पोरगी तरी डोक्याला ताप देत नाही! माझ्यावर गेलीय. सात वर्षांची असताना घोड्यावरून पडली, मनगट मोडलं, तरी रात्रीच्या जेवणापर्यंत हूं की चूं नाही. मी तिला शाबासकी दिली होती. मर्व तेव्हाही माझ्यावरच ओरडला.

बुधवार, १४ ऑगस्ट

निळी नखं आज विचारतात, "'सगळं ठीक' हे पहिल्यांदा कधी म्हणालात?" काय प्रश्न! पहिल्यांदा शिंकलात कधी, असंही विचारा.

घरी येऊन भांडी घासताना आठवलं. हातातली कढई तशीच राहिली.

रेडिओ! आमच्या फार्मवर फोन नव्हता, दोन्हीकडून बोलायचा रेडिओ होता. रोज सकाळी सातला डॉक्टरांच्या केंद्रावरचा माणूस एकेका घराला हाक मारून खुशाली विचारायचा. उत्तर द्यायचं काम माझं. आणि बोललेला शब्द न् शब्द दोनशे मैलांतल्या सगळ्या बायका चहा पीत ऐकायच्या.

गुरुवार, १५ ऑगस्ट

वृद्धाश्रमात आईकडे गेले. घरी भाजलेले स्कोन नेले होते. "कडक झालेत," म्हणाली आणि तीन खाल्ले.

मी विचारून टाकलं. "आई, मी नऊ वर्षांची होते. बाबा गुरं गोळा करायला गेले होते. तू स्वयंपाकघरात खाली पडलेलीस. फरशीवर रक्त होतं. आठवतं?"

"आठवायला काय झालं? पाचवा महिना होता."

"रेडिओवर हाक आली. डॉक्टरांचं विमान मागवू का, असं मी विचारलं, तर तू मला काय सांगितलंस?"

"सगळं ठीक म्हणून सांग, म्हटलं. मग? ती आयलीन, ती डॉट, सगळ्या कान टवकारून बसलेल्या. आपल्या घरातलं त्यांना कशाला?" मग माझा हात थोपटला. "शहाणी होतीस हो तू. आवाज जरासुद्धा कापला नाही तुझा."

बक्षीस म्हणून मला पीचचा अख्खा डबा मिळाला होता. एकटीला. बाळाला बाबांनी परतल्यावर पाण्याच्या टाकीमागे पुरलं. पुढे कोणी विषय काढला नाही.

गाडीत बसून रडले. राग कोणाचा येतोय तेच कळेना. आईचा? त्या डॉटचा? की पीच मिटक्या मारत खाणाऱ्या माझाच!

शुक्रवार, १६ ऑगस्ट

मर्वला फोन केला. सगळं सांगितलं — रेडिओ, फरशी, डबा. पहिल्यांदाच मधे तोंड घातलं नाही त्याने. मग म्हणाला, "उशीर केलास गं, ग्लेन."

येतो म्हणाला नाही. मीही ये म्हटलं नाही. पण "कशी आहेस?" त्याने विचारलं, तेव्हा "बरी नाही" म्हणाले.

रविवार, १८ ऑगस्ट

सातला टीगनचा फोन. "सगळं ठीक गं, आई." आवाज जरासुद्धा कापला नाही.

म्हटलं, "टीगन, दुसरं कोणी ऐकत नाहीये गं."

पलीकडून हुंदका.

माउंट आयझापर्यंत सात तासांचा रस्ता. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर यायच्या आत पोचायला हवं. मेली गाडीची किल्ली कुठे ठेवलीय मी —