तुमचं मयताचं गाणं

सर, तुम्ही गेलात तेव्हा मला रडू आलं नाही, आणि आज इतक्या वर्षांनी लिहितेय तेही रडायला नाही. तुमच्या शोकसभेत मी काय गायले, ते तुमच्या लोकांना कळलंच नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

गोरेगावच्या मागे, जंगलाच्या कडेला आमचा पाडा. आई चुलीपाशी भाकरी थापतेय आणि गाणी गोळा करायला आलेले तुम्ही मांडी घालून बसलाय, पुढ्यात रेकॉर्डर. त्याच वर्षी माझा धाकटा भाऊ तापाने गेला होता. तुम्ही फारच आग्रह केलात, म्हणून त्याच्यासाठी म्हटलेलं मयताचं गाणं आईने पुन्हा म्हटलं. त्यात मेलेल्याशीच बोलायचं असतं. त्याने काय काय केलं ते सांगायचं आणि शेवटी म्हणायचं, आता जा, मागे वळू नको. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. मग मला शिष्या केलंत, अंधेरीच्या तुमच्या स्टुडिओत गाताना श्वास कुठे घ्यायचा ते शिकवलंत. मला वाटलं, आमचं नशीब उघडलं.

पुढे तुमचा तो मोठा कार्यक्रम. लोक डोळ्यांवर पट्ट्या बांधून चटयांवर आडवे, तुम्ही काशाच्या वाट्या घुमवताय, बाजूला कोणी आमचा तारपा फुंकतंय, आणि स्पीकरवर आईचा आवाज. तेच गाणं. म्हणे साउंड हीलिंग. आईला मी हौसेने आणलं होतं. ती ताडकन उठली. "कोण मेलंय इथं? माझ्या पोराचं गाणं का लावलंय?" तुम्ही माइकवरून हसत म्हणालात, "मावशी, खाली बसा, एनर्जी डिस्टर्ब होतेय." आणि तिला बाहेर चपलांपाशी नेऊन बसवायला लावलंत. मी विचारलं तर म्हणालात, "अर्थ कोणाला हवाय? लोकांना बरं वाटतं ना, बस." मी आईला घेऊन रिक्षात बसले ती परत तुमच्याकडे आले नाही. त्यानंतर पाड्यावर कोणाचंही मयत झालं तरी आईने गायला तोंड उघडलं नाही.

तुम्ही गेल्यावर तुमच्या एका शिष्येचा फोन आला. "सरांचं लाडकं गाणं तूच गा ना, यार." मी लगेच हो म्हटलं. आईला पहिल्या रांगेत बसवलं. शोकसभेतही लोक पुन्हा चटयांवर आडवे झाले, आणि मी आमच्या बोलीत तुमचं मयताचं गाणं म्हटलं. अरे-तुरेच केलं, मेलेल्याला अहो-जाहो नसतं आमच्यात. पाहुणा म्हणून आलास, आमची भाकरी खाल्लीस, मेलेल्या पोराचं गाणं उचलून नेलंस. मध्येच आई ओरडली, "चपलांपाशी बसवलंस, ते सांग त्याला!" तेही गायले. मग तीच उठली आणि माझ्या सुरात सूर मिसळून म्हणायला लागली. तहानेला पाणी न मिळो तुला, आता जा, मागे वळू नको. कोणी अडवलं नाही. कार्यक्रमाचाच भाग वाटला त्यांना. एक बाई डोळे पुसत आईच्या पाया पडल्या. "किती शांत वाटलं हो!" आईने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून अशी हसली, की ते हसू आठवलं तरी मला अजून गार वाटतं.

तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही. हे पत्र कुठे टाकायचंही नाही. फक्त, गाताना एकदा माझी नजर तुमच्या फोटोकडे गेली होती. सूर बरोबर लागला होता का, ते मला तुम्हालाच विचारायचं होतं.