क्लच जाळल्याचा आळ

पार्सिपनी, न्यू जर्सी
१२ जून १९९६

प्रिय मित्र पुरुषोत्तम यास,
लहूचा सप्रेम जयभीम. तुझी कंबर आता कशी आहे? वहिनींना नमस्कार. माझी तब्येत ठणठणीत, डोकं तेवढं तापलेलं आहे.

तू डेपोत हेड मेकॅनिक होतास, म्हणून तुझ्याकडेच दाद मागतो. एकतीस वर्षं एस.टी. चालवली मी, घाटात, चिखलात. आणि इथे माझ्या पोटच्या पोराने, धम्मदीपने, माझ्यावर क्लच जाळल्याचा आळ घेतला! रविवारी त्याची गाडी चढावावरच्या सिग्नलला थांबली ती थांबलीच. इंजिन बोंबलतंय, गाडी हलत नाही, करपल्याचा वास. पोरगं माझ्याकडे वळून म्हणतं, "बाबा, परवा तुम्ही चालवलीत ना?" (शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये दोन चकरा! त्याही हा शेजारी बसून "स्लो, बाबा, स्लो" करत असताना.) आणि हे सूनबाईसमोर, दीक्षासमोर!

अरे, तीन आठवडे मी बघतोय, याचा डावा पाय क्लचवरून उतरतच नाही. सोफ्यावर टेकवावा तसा टेकवलेला. पाय नुसता टेकला तरी क्लच पुरता धरत नाही, प्लेट घसरते आणि झिजते. चढावावर हँडब्रेक ओढायचा सोडून अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरतो. सांगायला गेलो तर म्हणे, "बाबा, ही बस नाहीये."

गाडी ओढून गॅरेजला नेली. तिथला मेकॅनिक पांढऱ्या मिशांचा, धिप्पाड. त्याला मराठी येत नाही, मला इंग्रजी. त्याने प्लेट काढून दाखवली. अस्तर पार रिव्हेटपर्यंत झिजून गेलेलं. (दोन चकरांत असं होतं का, तूच सांग.) मी धम्मदीपच्या डाव्या पायाकडे बोट दाखवलं. मेकॅनिकने स्टुलावर बसून पेडलवर पाय टेकवल्याची नक्कल केली. मी मान डोलावली. तो खदखदून हसला आणि माझा हात हातात घेऊन हलवला. हाताला ग्रीस लागलं. फार दिवसांनी बरं वाटलं.

घरी येताना धम्मदीप हळूच म्हणाला, "सॉरी बाबा. शनिवारी मला शिकवाल?" बघू म्हणालो. (एवढ्यात कशाला विरघळायचं?)

तुझा,
लहू

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, तोवर शनिवारची शिकवणी झाली. पहिल्याच चढावावर गाडी दोनदा बंद पडली. चालवत मी होतो.

आणखी एक. आता दीक्षालाही शिकायचंय, म्हणून मी तिकीट महिनाभर पुढे ढकललं. हे घरच्या सरकारला, कमलाला, अजून कळवलेलं नाही. तू जाऊन सांग. तिचं जेवण झाल्यावर सांग. आणि ही सगळी कल्पना धम्मदीपची होती, असं सांग.